मोरपंखी धागा

"थांबा! तिथंच थांबा… आत पाय टाकू नका!"

आवाज मिरचीच्या झाडांमधून आला आणि ऋत्विकचा उचललेला पाय तसाच अधांतरी राहिला. साखरखेर्ड्याच्या शिवारातलं ते शेडनेट. जाळीची दोन दारं, एकामागे एक. पहिलं त्यानं ओलांडलं होतं, दुसऱ्याला हात घालणार तोच हा हुकूम. वर हिरव्या जाळीवर भादव्याची भुरभुर चालली होती. थेंब जाळीला लागून फुटायचा आणि त्याचा नुसता श्वास खाली उतरायचा… पानांवर, कळ्यांवर, आणि त्या कळ्यांमधून वर आलेल्या दोन मोठ्या, रागावलेल्या डोळ्यांवर.

"दुसऱ्याच्या प्लॉटातून तसेच उठून आले ना? परक्या फुलाची पावडर अंगावर घेऊन? आमचं बी बिघडलं तर जबाबदार कोण, तुमच्या कंपनीचा साहेब?"

"साहेब… मीच आहो," तो म्हणाला. "मले आजपासून इकडं टाकलं."

मग मागच्या ओळीतून वच्छलाबाई फिस्सकन हसली. "मले म्हणतो गं बाई, मले!" आणि ओळीच्या ओळी खुदखुदल्या. तो वडनेर भोलजीचा, घाटाखालचा. तिकडं सगळं मले-तुले. इकडं घाटावर साखरखेर्ड्यात 'मला' म्हणतात आणि 'मले' ऐकलं की पदर तोंडाला लावतात. रागावलेल्या छायालाही हसू आलं, पण तिनं ते ओठांतच दुमडून ठेवलं.

"साहेब असा नाहीतर कलेक्टर. हात धुऊन या."

तो मुकाट्यानं गेला. कोपरापर्यंत हात धुतले, सदरा झटकला, आणि परत येऊन दाराबाहेरच उभा राहिला. "आता येऊ का, ताई?"

"या," ती म्हणाली. आणि झाड आडवं धरून तिनं ते दुमडलेलं हसू हळूच उलगडलं.

कंपनीसाठी संकरित बी धरायचं हे काम मोठं नाजूक. उमलायच्या आधीच कळीतला नराचा भाग चिमट्यानं काढायचा. दुसऱ्या वाणाची पावडर बोटातल्या वाटीच्या अंगठीत घ्यायची, कळीच्या मधल्या टोकाला हलकेच टेकवायची, आणि देठाला लोकरीचा धागा बांधायचा. प्रत्येकीचा रंग निराळा, म्हणजे कुणाच्या हातचं फळ धरलं ते कळतं. वच्छलाबाईचा लाल, अंबूबाईचा पिवळा, छायाचा मोरपंखी. नियम दोनच, आणि ते तोंडपाठ असल्याशिवाय छायाचे वडील कडूबा कुणाला जाळीखाली उभं करत नसत. धागा असलेल्या फुलाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि बिनधाग्याचं फळ दिसलं की खुडून टाकायचं.

ऋत्विक आठवड्यातून दोनदा यायचा. ओळीओळीतून फिरायचा, फळं पाहायचा, वहीत काही लिहायचा. पण मोरपंखी धाग्यांच्या ओळीत त्याचे पाय जरा जडच व्हायचे.

"फुलांच्या सोयरिकी जुळवून राह्यल्या तुमी," एकदा तो म्हणाला. "अन् जुळवणारीची कोण जुळवते?"

"जुळवणारीला सवड नसते, सर."

"काऊन?"

"साहेब लोक ओळीत उभे राहून उजेड अडवतात ना."

वच्छलाबाईनं दोन ओळी पलीकडून टोला हाणला, "आमच्या साहेबाच्या डोळ्याला काही तरी झालं हाय गं अंबू. एक मोरपंखीच दिसतोय. बाकीच्या रंगाला आंधळा!"

त्याच्या कानाच्या पाळ्या पिकल्या मिरचीसारख्या झाल्या. छायानं पाहिल्या. न पाहिल्यासारखं करून पाहिल्या.

'ताई' दीड महिना टिकली. मग एके सकाळी तो दारातून "छाया…" म्हणाला आणि पुढची 'ताई' आलीच नाही. दोघांनीही वाट पाहिली. नाही आली.

दिवाळी झाली. मागच्या हंगामात ज्यांचं बी सगळ्यांत शुद्ध निघालं, त्या शेतकऱ्यांना कंपनीनं अंदमानची सहल लावली. कडूबाचं नाव त्यात वरच. छायाची आई, गोजरबाई, साफ नाही म्हणाली. "ज्याला पाय टेकवायला भुई न्हाई त्यात मी बसायची न्हाई." म्हणून आबा, म्हणजे कडूबा, एकटेच निघाले, आणि सगळ्यांना सांभाळून न्यायला कंपनीनं ऋत्विकला धाडलं.

निघायच्या आदल्या दुपारी तो आला. काम नव्हतं, वही नव्हती. मोरपंखी ओळीच्या टोकाशी येऊन उभा राहिला.

"छाया… मले तुमी आवडता. लय. तुमाले… मी…?"

वाक्य तिथंच लटकलं. तिचं उत्तर तयार होतं, केव्हाचं, ओठांच्या आतल्या बाजूला. पण त्या 'मले'नं आणि 'तुमाले'नं तिला असं काही हसू फुटलं, की हसता हसता तसलं उत्तर कुणाला देता येईल?

"आल्यावर सांगीन. समोर. तोवर फोन नाही, मेसेज नाही. घरचा फोन आईच्या हातात असतो."

"आठ दिवस?"

"आठ दिवस."

"अन् तिकडं मले कोणी पळवलं तर?"

तिनं मोरपंखी लोकरीचा तुकडा तोडला. त्याचा डावा हात पुढं ओढला आणि मनगटावर बांधला… दोन गाठी, देठाला बांधतात तशाच. "आता कोण हात लावतं पाहू."

बोटं मनगटावर जरा जास्तच रेंगाळली. मग तिचं तिलाच कळलं आणि ती झाडांत शिरली.

तिनं स्वतःच घातलेली अट तिला पहिल्याच दिवशी जड गेली. तो शब्दाला जागत होता. एक मेसेज नाही! आणि आबा? आबा जन्मात पहिल्यांदा आवाज पाठवायची युक्ती शिकले होते. बटन दाबून ठेवायचं, बोलायचं. फक्त वाक्य संपायच्या आधीच त्यांचा अंगठा सुटायचा.

जेवणाच्या सुट्टीत गोजरबाई भाकरीबरोबर फोनही आणायची. शेडनेटच्या खांबाला टेकून सगळ्या बाया ऐकायच्या.

"गोजर, समिंदर पाह्यला. आपलं लोणारचं तळं धरतीभर सांडलं असं समज. एवढं पाणी, आन् प्यायला घोट न्हाई! फोटो टाकलेत मी. समदे मीच काढून राह्यलो, म्हणून मी कुठंच—"

आबा कुठंच नव्हते खरे. फोटोत धक्क्यावर ऋत्विक उभा, उन्हाला हात आडवा धरलेला, आणि त्या हातावर मोरपंखी रेघ. छायानं दोन बोटांनी फोटो मोठा केला. हाय. धागा हाय. तिच्या जिवात कसं गार वाटलं. मग फोटो लहान केला तर त्याच्या शेजारी एक लाल टोपी दिसली. टोपीखाली गोरापान चेहरा, काळा चष्मा, दात दिसतील असं हसू.

"ह्या कोण?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काजल मॅडम. कंपनीच्या जालन्याच्या हाफिसातल्या," आई म्हणाली. "आबा सांगत होते, फार शिकलेल्या हायेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा आबा. "आज होडीला खालून काच होती गोजर. पाण्याखाली झाडं, रंगीत! म्हणे झाडं न्हाईत, जित्ते दगड हायेत. आन् मासे कसे, पोळ्याच्या बैलासारखे सजवून सोडलेले. ऋत्विक सर आन् काजल मॅडम तोंडाला नळी लावून पाण्यात उतरले. अर्धा घंटा झाला, वर यायचं नावच—"

खट्.

"नावच काय?" छाया म्हणाली. "पुढं लाव ना!"

"पुढं न्हाई काही. आले असतील वर. मासा हाय का तो?"

वच्छलाबाईनं भाकरीचा तुकडा ठेच्यात बुडवला. डोळे मिचकावले. "छाये, ठेचा खाल्लाच न्हाईस तू, तरी मिरची झोंबली गं?"

"माझं काय? कुणी पाण्यात उतरो नाहीतर विहिरीत."

पण त्या दुपारी तिला पाण्याचा राग आला. त्या निळ्या, आरपार दिसणाऱ्या पाण्याचा, जे त्याला अंगभर भेटत होतं आणि ज्याला कुणी अट घातली नव्हती. तिला वाळूचा राग आला. सजलेल्या माशांचा आला. आणि लाल टोपीचा तर असा आला, की चिमटा कळीवर जरा जोरातच बसला आणि कळी तुटून हातात आली.

वच्छलाबाईचं तोंड कामात कधी बंद नसे. तिची जुनी सवय, मनात येईल ते ओवीत ओवायची.

*खारट पाण्यामंदी, बेट हिरवं हिरवं
तिथं गेल्या पाखराला, घरटं कसं आठवावं?*

"मावशी, दुसरं काही येत नाही का तुला?"

"येतं की. पण तुला आज हेच ऐकू येईल."

तिसऱ्या दिवशीचा आवाज आला तो वाऱ्यानं फुगलेला. "असा किनारा मी सपनातबी पाह्यला न्हाई गं. वाळू म्हणजे चाळलेला मैदा. मागं ताडाएवढाली झाडं, म्होरं हिरवं पाणी, कुठं निळं, कुठं मोराच्या मानेवाणी. सर तर येडेच झालेत. मला म्हणले, आबा, आता राधा सोडून कुठंच जाऊ—"

खट्.

राधा!

एक काजल कमी होती. छायानं फोन आईच्या मांडीवर ठेवला आणि उठली. ऊन जाळीतून गाळून खाली पडत होतं, तिच्या पायाशी हिरवे चौकोनच चौकोन. त्या चौकोनांतून चालत ती आपल्या ओळीत गेली आणि भराभर धागे बांधू लागली. तासाभरानं वच्छलाबाई मागून आली, एक देठ वर उचलून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, अंगठीत पावडर न्हाई तुझ्या! कोरड्या कळ्यांना धागे बांधत सुटलीस?"

छायानं अंगठीच्या वाटीत पाहिलं. रिकामी. कधीची रिकामी होती कोण जाणे. मग ती बसली आणि एकेक खोटा धागा सोडत राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं मनगटानं पुसलं, मिरचीच्या हाताला डोळे पुसायची चोरी असते म्हणून.

पाचव्या दिवशी फोटो आले. खाडीतून होडी चाललेली, दोन्ही अंगांना झाडंच झाडं, मुळं पाण्याच्या वर, उपटून उलटी लावल्यासारखी. एका ठिकाणी जमिनीतून चिखलाचे बुडबुडे फुटत होते. आबांचा आवाज म्हणाला, "आपल्या पिठल्याची कढई!" आणि मग गुहेचं तोंड. चुन्याचे पांढरे खडक वरून लोंबतायत, खाली ओली पायरी. पायरीवर ऋत्विक, वाकून, डावा हात खाली दिलेला. खालून त्या हातात हात… लाल टोपीचा.

छायानं फोटो मोठा केला. आणखी मोठा. मनगट कोरं होतं.

तिनं आणखी ताणला. मनगटाचे चौकोन चौकोन झाले, चौकोनांचे नुसते रंग झाले, आणि त्या साऱ्या रंगांत एक मोरपंखी तेवढा नव्हता.

बिनधाग्याचं दिसलं की खुडून टाकायचं. त्यात विचार करायचा नसतो. विचार करत बसलं की सगळं बी बिघडतं.

नेमकं त्याच सांजेला आई शेजारी येऊन बसली. चिखलीचं स्थळ दिवाळीपासून दारात घुटमळत होतं. "रविवारी बघायला येतो म्हणतात. पोरगा नोकरीला हाय, घरदार चांगलं. आबा शनिवारी येतीलच. काय सांगू, पोरी? आजवर तू नंतर बघू, नंतर बघू करत आलीस…"

"या म्हण."

"मनापासून?"

"या म्हण, म्हटलं ना!"

आईनं तिच्याकडं जरा वेळ पाहिलं आणि फोन लावायला उठली. छाया मोरपंखी लोकरीचा गुंडा मांडीत घेऊन बसली. सोडला, गुंडाळला. सोडला, गुंडाळला. काय गंमत असते बघा, खुडलेलं फळ जमिनीवर पडतं, पण देठ झाडाचाच दुखतो.

शनिवारी दहाच्या सुमारास गाडीचा आवाज आला. आईचा, आबांचा, आणि त्या दोघांच्या मधून एक ओळखीचा, घाटाखालचा आवाज. "पाणी चालते, काकू. चहा मंग." छाया शेडनेटमध्ये होती. बाहेर गेली नाही. कान बाहेर लागले म्हणून चिमटा खाली ठेवला, आणि चिमटा खाली ठेवला म्हणून मग काही करायलाच उरलं नाही.

आतलं दार वाजलं. आबा आले. काळवंडलेले, हसरे, चप्पल बाहेर काढून. "पोरी, बाप इमानातून येतो आन् तू मिरचीतच?"

ती वळली. आणि तशीच राहिली.

आबांच्या चष्म्याची एक काडी नव्हती. काडीच्या जागी, भिंगाच्या कडेपासून कानामागपर्यंत, मोरपंखी लोकर होती. दोन गाठी इकडं, दोन तिकडं.

"आबा… चष्मा…"

"तेच सांगायला आलो. त्या खाडीत होडी उसळली, चष्मा पडला, काडी गेली पाण्यात. गेलं म्हणलं, आता उरलेलं बेट धुकट. तर सर म्हणले, 'आबा, इतक्या दूर येऊन तुमालेच दिसत नसंल तर काय मजा?' मनगटावरचा धागा सोडाया लागले. सुटंना. कुणी बांधला व्हता कोण जाणे, लई पक्का." आबा बोलता बोलता मिरचीचं एक पान उलटून पाहत होते, पोरीच्या तोंडाकडं नव्हे. "दातानं सोडला शेवटी. काजल मॅडम म्हणल्या, 'आम्ही चार दिवस विचारतोय कुणाचा धागा, तर हात लावू देत नव्हता!' तर सर काय म्हणले ठावं हाय?"

"काय?"

"धागा असलेल्या फुलाले दुसऱ्यानं हात लावू नये, मॅडम."

जाळीवर कुठूनशी एक चिमणी बसली, उडाली. सगळी जाळी हलली.

"मी काय आंधळा हाय, पोरी? मोरपंखी लोकर माझ्याच शेडनेटातली. उरलेले दिवस सगळा समिंदर मी तुझ्या धाग्याच्या आधारानं पाह्यला." आता मात्र त्यांनी तिच्याकडं पाहिलं, त्याच चष्म्यातून. "आन् घरी येतो तर तुझी आई म्हणते, उद्या चिखलीचे पाव्हणे. तूच हो म्हणलीस."

छायानं हात पुढं करून त्यांच्या कानामागची गाठ नीट केली. ती ढिली झाली होती.

"फोन लावू का चिखलीला?"

तिनं मान हलवली. खाली, वर, पुन्हा खाली.

"लावतो," आबा म्हणाले आणि वळले. "आपला नियम हाय. आपणच मोडला तर बाया काय म्हणतील?"

ते गेले आणि दोन दारांच्या मधल्या जागेत कुणीतरी उभं राहिलं. सदरा धुतलेला, हातांवरून पाणी निथळतंय, कोपरापर्यंत.

"येऊ का?"

"तिथंच थांबा," ती म्हणाली. आवाज करडा काढायला गेली, तो मधेच ओला झाला. "परक्या बेटाची पावडर घेऊन आले असाल."

"विमानतळावर समदं झटकलं."

"आणि राधेला कुठं सोडलं?"

"राधा? कोण राधा?"

"आबांना विचारा! 'आता राधा सोडून कुठंच जाऊ…' म्हणत होता ना?"

तो बावरला, मग एकदम हसू लागला, खांब धरून. "राधानगर! त्या किनाऱ्याचं नाव आहे थे! राधानगर सोडून कुठंच जाऊ नये, असं म्हनलो होतो मी. आबांचा अंगठा…"

तिला हसायचं नव्हतं. तिला अजून रुसायचं होतं. आठ दिवसांचा राग असा एका अंगठ्यावर कसा सोडायचा? "आणि गुहेत हात कुणी दिला?"

"पायरी ओली होती. मागून येणाऱ्या, सहलीतल्या पुंजाजी बाबांलेही दिला. थो फोटो नाही पाठवला का?"

"नाही."

"लाल टोपीनं फोटोले रंग येते म्हने तुमचे आबा. आमाले काही फोटोत येऊच देत नव्हते तिच्याबिगर." तो जाळीच्या अलीकडं न येता, आपल्या कोऱ्या मनगटाकडं पाहत हळू बोलू लागला. "एक सांगू? त्या किनाऱ्यावर बारके बारके खेकडे असतात. वाळूच्या गोळ्या करतात, मोहरीएवढ्या, अन् ओळीनं मांडत जातात. एकेक गोळी. रांगोळीच. लाट आली का पुसते. खेकडे फिरून बसतात. लोक समुद्र पाहून राह्यले अन् मी खाली बसून खेकडेच पाहून राह्यलो. मले तुमची ओळ आठवे. एकेक कळी, एकेक धागा…" तो थांबला. "आठ दिवस झाले, छाया. मी फोन नाही केला. मेसेज नाही केला. मनगट रिकामं करून आलो, थो गुन्हा कबूल. पण मले तुमी…"

"माहीत आहे."

"मंग? तुमाले?"

मागच्या ओळींत काम थांबलं होतं. चिमट्यांचा आवाज नव्हता, बांगड्यांचा नव्हता. सगळं शेडनेट कान झालं होतं. कुठूनतरी वच्छलाबाईचा आवाज हलकेच उमटला, ओवी का उसासा कळू नये असा…

*धागा बांधल्या कळीला, नको लावू कोणी हात
आतमंदी मोठी होई, मुकी मुकी तिची बात*

छायानं गुंड्यातून मोरपंखी तुकडा तोडला. ओळीतून चालत दारापर्यंत आली. जाळीचं दार मधे होतं, ते तिनं स्वतःच्या हातानं उघडलं. त्याचा हात ओढला, ओलाच, आणि मनगटावर धागा फिरवला. एक गाठ. दुसरी गाठ. मग जरा थांबून, तिसरी. दातानंही सुटू नये अशी.

उत्तर तर केव्हाचं तयार होतं. ओठांच्या आतल्या बाजूलाच होतं. तिनं ते उचललं आणि खाली मान घालून, अगदी हळू म्हणाली,

"मले बी."

आणि मग मागच्या ओळीतून फिस्सकन हसू फुटलं, एकीचं, दुसरीचं, सगळ्या जाळीभर…

"मले म्हणते गं बाई… आपली छाया, मले म्हणते!"